जमिनीखालची शीर कुणाची?

शेताला बांध असतो. घराला भिंत असते. भावाभावांत वाटणी झाली तर तलाठी येतो, मोजणी होते, खुणेचे दगड रोवले जातात. पण जमिनीच्या पोटात, शे-दोनशे हात खोल, बांध कुठे असतो? तिथे दगड नाही, कुंपण नाही, उजेडही नाही. मग वर जमीन एकाची आणि खालची धातूची शीर शेजाऱ्याच्या हद्दीतून तिरपी उतरत आलेली असेल, तर ती शीर कुणाची म्हणायची?

प्रश्न पोरकट वाटेल. पण या एका प्रश्नावर अमेरिकेत वर्षानुवर्षे खटले चालले, वकील आणि भूगर्भतज्ज्ञ गब्बर झाले, न्यायाधीशांवर विकले गेल्याचे आरोप झाले आणि भूगर्भात माणसे मेली. मेलेली माणसे अर्थातच मालक नव्हती. ही हकीकत आपल्या वाचकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. कारण विदर्भात आपल्या कित्येक घरांची चूल कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणीवर पेटते, आणि जमिनीखालच्या हक्काची गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही.

वेलाचा कायदा

इंग्रजांच्या जुन्या कायद्याचे तत्त्व साधे होते. जमीन ज्याची, तिच्या खालचे पाताळापर्यंत त्याचे आणि वरचे आकाशापर्यंत त्याचे. म्हणजे हद्दीवरून ओळंबा सोडायचा. ओळंब्याच्या अलीकडचे माझे, पलीकडचे तुझे.

कोळशासारख्या पदार्थाला हे तत्त्व ठीक लागू पडते. कोळसा थराथराने पसरलेला असतो, चवडीत भाकऱ्या रचाव्यात तसा. कुठून कापायचे ते ओळंब्याने ठरवता येते. सोने, चांदी, तांबे यांचे तसे नसते. खडकाला तडा जातो, त्या तड्यातून खोलवरचे गरम पाणी वर येते, त्यात विरघळलेली धातू तड्यात साचून बसते. त्यालाच आपण शीर म्हणू. ही शीर सहसा तिरपी असते. वर माझ्या जमिनीत दिसते आणि खाली जाता जाता शेजाऱ्याच्या जमिनीखाली शिरते.

१८४९ नंतर कॅलिफोर्नियात सोने शोधायला लोटलेल्या माणसांनी आपापसांत रिवाज पाडला, की ज्याला शीर पहिल्यांदा सापडली त्याने ती खाली जाईल तिथपर्यंत खणावी. हा रिवाज १८६६ साली आणि मग पक्केपणाने १० मे १८७२ रोजी अमेरिकेच्या कायद्यात आला. सरकारी जमिनीवर ज्याला शीर सापडेल त्याने शिरेच्या लांबीने जास्तीत जास्त १५०० फूट आणि शिरेच्या दोन्ही बाजूंना ३००-३०० फूट अशी पट्टी आखून घ्यायची. शिरेचा माथा, म्हणजे तिचे सर्वांत वरचे टोक, ज्याच्या पट्टीत असेल त्याला ती शीर खाली शेजाऱ्याच्या जमिनीत शिरली तरी तिच्या मागे जाण्याचा हक्क मिळे. अट एवढीच, की पट्टीच्या दोन टोकांच्या रेषा ओलांडायच्या नाहीत.

घरगुती भाषेत सांगायचे तर हा वेलाचा कायदा आहे. घोसाळ्याचा वेल माझ्या अंगणात लावला. तो भिंतीवरून शेजारणीच्या अंगणात गेला आणि तिकडे घोसाळी लागली. मूळ माझे म्हणून घोसाळी माझी, असे हा कायदा म्हणतो. वेल डोळ्यांना दिसतो, बोट लावून मागे मागे जाता येते. जमिनीखालची शीर दिसत नाही. तिचा माथा कुठला, ती मध्येच संपली की पुढे चालू राहिली, समोर दिसते ती तीच शीर की दुसरी, हे कोण सांगणार?

दोन्हीकडचे पानाडे

आपल्याकडे विहीर खणताना पानाड्या आणतात. तो सांगतो, इथे पाणी आहे. अमेरिकेतल्या कोर्टांत दोन्ही बाजूंनी असेच पानाडे उभे राहू लागले. फरक इतकाच, की हे मोठ्या विद्यापीठांत शिकलेले भूगर्भतज्ज्ञ होते आणि त्यांची फीही तशीच मोठी होती.

१८७७ साली नेव्हाडा राज्यातील युरेका गावच्या दोन कंपन्यांचा खटला गाजला. रुबी हिल नावाच्या टेकडीत चांदी आणि शिसे होते. खाली गारेचा कठीण खडक, वर शेल नावाचा पापुद्र्यांचा खडक आणि मध्ये चुनखडीचा जाड पट्टा. या पट्ट्यात ठिकठिकाणी धातूचे वेडेवाकडे खजिने सापडत. रिचमंड कंपनी म्हणाली, हे सगळे खजिने सुटेसुटे आहेत, याला शीर म्हणताच येणार नाही. युरेका कंपनी म्हणाली, चुनखडीचा सगळा पट्टा मिळून एकच शीर आहे. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, पुस्तकातल्या व्याख्या वाचल्या गेल्या.

निकाल देताना न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी जे सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. कायद्यातला शब्द खाणीत काम करणाऱ्या माणसांच्या बोलीतून आला आहे, तेव्हा त्याचा अर्थही त्यांच्या वापरावरून लावायचा, पंडितांच्या व्याख्येवरून नाही, असा त्यांचा रोख होता. खाणवाला ज्याच्या मागे मागे धातू मिळेल म्हणून जातो, ती शीर. चुनखडीचा पट्टा एकच शीर ठरला आणि युरेका कंपनी जिंकली. १८८१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम केला.

खाणकामगाराच्या बोलीला कोर्टात असा मान मिळाला. पण त्या मानातून खाणकामगाराच्या हातात एक पैसाही आला नाही. शीर या कंपनीची की त्या कंपनीची, एवढाच वाद होता.

ब्यूटची टेकडी

आता मोंटाना राज्यातील ब्यूट गावाकडे येऊ. इथे आधी सोने, मग चांदी आणि १८८२ च्या सुमारास तांब्याची प्रचंड शीर सापडली. विजेचे दिवे आणि तारा यांचा तो काळ. तांब्याला सोन्यासारखा भाव आला. ब्यूटच्या टेकडीला लोक पृथ्वीवरची सर्वांत श्रीमंत टेकडी म्हणू लागले. आयर्लंड, कॉर्नवॉल, फिनलंड अशा दूरदूरच्या मुलखांतून गरीब माणसे तिथे मजुरीला आली.

या टेकडीची रचना मोठी गुंतागुंतीची. ग्रॅनाइटसारख्या खडकाला एका दिशेने तडे गेले, त्यांत तांबे भरले. मग दुसऱ्या दिशेने तडे गेले, त्यांनी पहिल्या शिरा कापल्या. त्यानंतर खडक सरकले आणि शिरांचे तुकडे इकडचे तिकडे झाले. कापडावरच्या रेघा मध्ये कापून, सरकवून पुन्हा शिवाव्यात तसे झाले. कुठली रेघ कुठल्या रेघेची हे ओळखणे अवघड. वरून पट्ट्या इतक्या जवळजवळ आणि एकमेकींवर चढलेल्या, की शिरेच्या माथ्याचा कायदा आणि ब्यूटची टेकडी यांची गाठ पडल्यावर खटल्यांना तोटा नव्हता.

हे सर्वांत आधी ज्याने ओळखले तो फ्रेडरिक ऑगस्टस हाइन्झी. बाबासाहेब पुढे ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथल्याच खाण विद्यालयातून तो १८८९ साली शिकून बाहेर पडला आणि विशीतच ब्यूटला आला. सुरुवातीला एका कंपनीत अभियंता म्हणून नोकरी केली. नोकरीत त्याने टेकडीचे पोट नीट पाहून घेतले. मग स्वतःची वितळभट्टी काढली आणि १८९५ साली रॅरस नावाची खाण विकत घेतली. शेजारच्या बड्या कंपन्यांच्या खाणींतल्या श्रीमंत शिरांचा माथा आपल्या हद्दीत आहे, असे दावे तो लावू लागला. दावा लागला की शेजारच्या खाणीवर मनाई हुकूम. तोवर ह्याची माणसे खालून तांबे उचलत.

दुसऱ्या बाजूला कुणी गरीब बिचारे नव्हते. १८९९ साली स्टँडर्ड ऑइलच्या धनाढ्यांनी अ‍ॅमलगमेटेड कॉपर कंपनी काढली आणि ब्यूटच्या बहुतेक मोठ्या खाणी ताब्यात घेतल्या. त्यांनीही भूगर्भतज्ज्ञ पगारावर ठेवले, भूगर्भाचे बारीक नकाशे करायला स्वतंत्र खातेच उघडले. जगातल्या खाण कंपन्यांत आज जे भूगर्भ विभाग दिसतात, त्यांतला एक पहिला विभाग असा कोर्टकज्ज्यातून जन्माला आला. कोर्टात टेकडीच्या पोटाच्या प्रतिकृती मांडल्या जात. एकाची प्रतिकृती सांगे की शीर अखंड आहे, दुसऱ्याची सांगे की ती तुटली आहे. दोघेही शास्त्राची शपथ घेत.

मी कारकून माणूस, हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेले. एकाच वहीवरून दोन ताळेबंद कसे निघतात हे मला ठाऊक आहे. आकडे खोटे नसतात. कुठला आकडा कुठल्या रकान्यात घालायचा, हे ज्याचे मीठ खाल्ले तो ठरवतो. भूगर्भशास्त्राचेही ब्यूटला तेच झाले. शास्त्र खोटे नव्हते, पण ते भाड्याने मिळत होते.

न्यायाधीश आणि मतदार

ब्यूटचे जिल्हा न्यायाधीश लोकांच्या मतांवर निवडून येत. मतदार म्हणजे खाणकामगार. म्हणून मालकांना कामगारांची आठवण झाली. १९०० साली हाइन्झी आणि दुसरा एक खाणसम्राट विल्यम क्लार्क यांनी आपल्या खाणींत आठ तासांची पाळी लागू केली, मजुरी तीच ठेवली. निवडणूक त्याच वर्षी होती. त्यात हेतू मतांचा होता हे खरे, पण फायदा कामगारांनी पक्का केला. १९०१ साली मोंटानात आठ तासांचा कायदा झाला.

निवडून आलेले न्यायाधीश विल्यम क्लॅन्सी यांचे निकाल बहुतेक हाइन्झीच्या बाजूने लागत. एकदा तर हाइन्झीने तीन मोठ्या खाणींच्या मधला, नजरचुकीने कुणाच्याच पट्टीत न आलेला त्रिकोणी तुकडा आपल्या नावावर करून घेतला. अंगणाएवढाही नव्हता तो. पण त्या खाणींच्या शिरांचा माथा म्हणे त्या तुकड्यात होता. क्लॅन्सीने मनाई हुकूम दिला, खाणी थांबल्या आणि हजारो कामगार घरी बसले. ते इतके संतापले की न्यायाधीशाला हुकूम मागे घ्यावा लागला. लक्षात घ्या, कायद्याचा कीस कुणीच काढला नाही. कामगार एकत्र आले, तेव्हा शिरेचा माथा आपोआप नाहीसा झाला.

भूगर्भातली लढाई

वर वकील भांडत असताना खाली काय चालले होते? दोन कंपन्यांचे बोगदे एकमेकांत घुसले होते. एकाच शिरेवर दोन्हीकडचे मजूर समोरासमोर आले. मालकांच्या हुकमावरून एकमेकांच्या बोगद्यात सुरुंगाचा धूर सोडायचा, हवेच्या नळातून चुन्याची फक्की सोडायची, गरम पाण्याचे फवारे मारायचे, असे प्रकार चालले. वर हे लोक एकाच वस्तीत राहत, एकाच युनियनची वर्गणी भरत. खाली शिरले की एकमेकांचे शत्रू. मायकेल डेविट नावाच्या पट्टीखालच्या भांडणात सुरुंग उडून दोन खाणकामगार ठार झाले. तिथले तांबे मनाई हुकूम असताना चोरून काढल्याबद्दल हाइन्झीला कोर्टाच्या बेअदबीचा दंड झाला, २०,००० डॉलर. काढलेले तांबे त्याच्या कितीतरी पट किमतीचे होते.

२२ ऑक्टोबर १९०३ रोजी क्लॅन्सीने दोन मोठे निकाल हाइन्झीच्या बाजूने दिले. मिनी हीली नावाची श्रीमंत खाण त्याची ठरली आणि अ‍ॅमलगमेटेड कंपनीला मोंटानात भाग बाळगण्याचा अधिकारच नाही असेही ठरले. त्याच दिवशी कंपनीने राज्यातले आपले खाणकाम, वितळभट्ट्या सगळे बंद केले. सुमारे १५,००० माणसांची रोजी गेली. मोंटानाचा हिवाळा तोंडावर आला होता. घरात लाकूडफाटा नाही, दुकानदार उधारी देईना.

चार दिवसांनी हाइन्झी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहिला. समोर हजारोंचा जमाव. कंपनी आज मला चिरडेल, उद्या तुम्हाला चिरडेल, असे त्याने सांगितले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्यांनी चूल पेटत नाही. कंपनीची अट होती, न्यायाधीश पक्षपाती वाटला तर खटला दुसऱ्याकडे नेता यावा असा कायदा करा. राज्यपालाने विधिमंडळाची खास बैठक बोलावण्याचे मान्य केले, तेव्हा काम सुरू झाले. डिसेंबरात तो कायदा झाला. कायदा म्हणून तो वाईट नव्हता. पण तो १५,००० घरांच्या पोटावर पाय देऊन करून घेतला गेला.

आणि कामगारांचा कैवारी हाइन्झी? १९०६ साली त्याने ब्यूटमधले सगळे हक्क त्याच बड्या मालकांच्या बाजूला एक कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकले. शंभराहून जास्त दावे एका फटक्यात निकाली निघाले. कुठल्या शिरेचा माथा कुठे होता, हे मग कुणालाच महत्त्वाचे राहिले नाही. १९१२ साली त्याच टेकडीवर असा नियम आला, की कंपनीचे कार्ड असल्याशिवाय कामगाराने काम मागायलासुद्धा यायचे नाही.

८ जून १९१७ रोजी ब्यूटच्या ग्रॅनाइट माउंटन आणि स्पेक्युलेटर या जोडखाणीत आग लागून १६८ माणसे मेली. शेजारच्या खाणींकडे जाणाऱ्या वाटांवर काँक्रीटच्या भिंती होत्या. कायद्याप्रमाणे त्यांत दारे हवी होती, ती नव्हती. धुरातून वाट काढत आलेल्या माणसांची प्रेते त्या भिंतींपाशी सापडली. मालकांच्या हद्दी कागदावर मिटल्या होत्या. कामगारांसाठी त्या भिंती होऊन उभ्या राहिल्या.

आपल्या सातबाऱ्याखाली काय?

१८७२ चा तो अमेरिकन कायदा अजूनही तिथे लागू आहे. आपल्याकडे मात्र माथ्याचा कायदा नाही. मग आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे, सरकारने जमीन देताना वेगळे लिहून दिले नसेल तर जमिनीवरची आणि जमिनीखालची सर्व खनिजे राज्य शासनाची. सातबारा आपल्या नावावर असला तरी तो वरच्या मातीचा. दुसरीकडे २०१३ साली केरळच्या मलबारमधील जुन्या जन्मी जमिनींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले, की कायद्याने काढून घेतला नसेल तर भूगर्भाचा हक्क जमीनमालकाचाच. म्हणजे पुन्हा प्रश्न एकच, आपल्या मुलखात कुठला कायदा लागू आहे तो वाचा.

कोळशासाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे, कोळसा असलेल्या क्षेत्रांच्या संपादनाचा. जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी कलम ७ ची अधिसूचना निघाली की हितसंबंध असलेल्याला ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते. हे ३० दिवस आपली माणसे जातील कुठे आणि विचारतील कुणाला, यातच संपतात. गावात एकाला तरी राजपत्र वाचायची सवय हवी. हरकतीची प्रत शिक्का मारून घ्यावी आणि घरात जपून ठेवावी.

ज्यांच्याकडे जमीनच नाही, अशी आपली कितीतरी घरे आहेत. त्यांना वाटते, यात आपले काय? तर २०१५ च्या दुरुस्तीने खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणचालकाला स्वामित्वधनाच्या प्रमाणात रक्कम त्यात भरावी लागते आणि ती खाणबाधित माणसांसाठी व भागांसाठी वापरायची असते. पिण्याचे पाणी, दवाखाना, शाळा यांवर ती आपल्या वस्तीत किती खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारायला सातबारा लागत नाही.

आणि खाणीत उतरणाऱ्याला नकाशा पाहिजे. खाणीच्या हद्दीजवळ आणि पाणी साचलेल्या जुन्या कामाजवळ ठरावीक जाडीचा अखंड भाग सोडावा लागतो, तो कामगाराच्या जिवासाठी. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामात साचलेले पाणी आत घुसले आणि ३७५ माणसे बुडून मेली. जमिनीखाली पाणी कुठे, हद्द कुठे, आपण कुठे, हे नकाशात असते. युनियनच्या बैठकीत बोनसाबरोबर नकाशाचीही चौकशी झाली पाहिजे.

ब्यूटच्या मालकांनी भूगर्भाचे ज्ञान पैशाने विकत घेतले. आपल्याला ते विकत घेणे परवडणार नाही, पण शिकणे परवडेल. घरात बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल आणि पुढे काय असा प्रश्न असेल, तर भूगर्भशास्त्र, खाण सर्वेक्षण आणि कायदा या तीन वाटाही त्यांना दाखवा. जमिनीच्या पोटात काय आहे हे सांगणारा एक तरी माणूस आपल्या बाजूने बोलणारा असला पाहिजे.